नाचाची बातमी नाचासारखी द्या की

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पत्र लांबलंय, आधीच सांगतो. जागेसाठी कापायचं तर कापा, फक्त मधलं माळवदाचं कापू नका.

मागे एकदा आपल्या पेपरात आतल्या पानावर, प्लॉटच्या जाहिरातीच्या वर, चार ओळींची एक बातमी होती की पॅलेस्टाईनमधल्या रामल्ला शहरात कंटेम्पररी डान्सचा फेस्टिव्हल भरतो. हेडिंग नीटसं आठवत नाही पण त्यात बंदूक, सावली आणि पावलं असे तिन्ही शब्द होते हे नक्की. नंतर आठवड्याभरात वाचकांची दोन पत्रं आली. एकाचं म्हणणं, तिकडे माणसं मरतायत आणि यांना नाच सुचतो कसा. दुसऱ्याचं म्हणणं, धन्य ती माणसं, कलेपुढे बंदूक हरली. मला खरं सांगू का दोन्ही पत्रं सारखीच वाटली, कारण दोघांपैकी एकानेही नाच कसला होता, कोणी केला, कुठल्या थिएटरात केला हे विचारलं नाही, आणि त्यांना तरी काय बोलणार, बातमीतच ते नव्हतं.

मी गेली सव्वीस वर्षं पुण्यात लाइटचं काम करतो. नाटकं, अरंगेत्रम, शाळांची गॅदरिंगं, ऑर्केस्ट्रा, जे मिळेल ते. आपल्याकडे एखाद्या हॉलमध्ये साधा कथकचा कार्यक्रम झाला तरी आपल्याच पेपरात तबल्यावर कोण, पेटीवर कोण, निवेदन कोणाचं हे सगळं छापून येतं (लाइटवाल्याचं नाव राहतं, पण ते जाऊ द्या, सवय झाली). मग रामल्लाच्या नर्तकांच्या वाट्याला नुसती "पावलं" का? त्यांना नावं नाहीत का, त्यांचे नाच चांगले-वाईट, जमलेले-फसलेले नसतात का? मला एवढंच म्हणायचंय, बाकी पत्र म्हणजे मला जे माहितीये ते सांगणं आहे, म्हणजे पुढच्या वेळी बातमी लिहिणाऱ्या पोराला सुरुवात तरी करता येईल.

तर हा फेस्टिव्हल भरवते ती संस्था म्हणजे सरिय्यत रामल्ला. ही संस्था १९२७ सालची. मुळात स्काउटचं पथक, मग त्यात बास्केटबॉल आलं, मुलामुलींचे नाचाचे वर्ग आले, आपल्याकडे जुनी तालीम मंडळं असतात ना की खाली आखाडा, वर वाचनालय आणि गणपतीत देखावा, साधारण त्या जातीची गोष्ट. म्हणजे कुठल्या परदेशी फंडवाल्याने येऊन उभं केलेलं हे दुकान नाही, गावातली जुनी जागा आहे जिथे आजोबा स्काउटमध्ये होते आणि नात आता कंटेम्पररी शिकते. फेस्टिव्हल सुरू झाला २००६ साली, खालेद इल्यान हे त्याचे डायरेक्टर म्हणून ओळखले जातात. आता २००६ साल बघा कसलं होतं. दुसरा इंतिफादा (पॅलेस्टिनींचा इस्रायलविरुद्धचा उठाव) नुकताच विझत आलेला, जानेवारीत निवडणूक होऊन हमास जिंकलेली, त्यामुळे परदेशातून येणारी मदत बंद, सरकारी नोकरांचे पगार महिनोन्महिने अडकलेले. त्याच्या चारच वर्षं आधी, २००२ मध्ये, इस्रायली रणगाडे रामल्लात शिरले होते आणि खलील सकाकिनी सेंटर म्हणून तिथलं एक नावाजलेलं कलाकेंद्र आहे त्याची सैन्याने नासधूस केली होती. अशा वेळी कोणीतरी बसून ठरवलं की आपण दरवर्षी वसंतात मॉडर्न डान्सचा फेस्टिव्हल करूया. माझ्यासारख्याच्या डोक्यात पहिला प्रश्न येतो की डिमर (लाइट कमी-जास्त करणारं यंत्र) कुठून आणले असतील.

थिएटरं मात्र आहेत हो. अल-कसबा थिएटर आहे, ते मूळचं जेरुसलेमचं, २००० साली रामल्लात आलं ते एका जुन्या सिनेमा टॉकीजच्या इमारतीत. टॉकीजचं थिएटर केलं की काय काय कटकटी होतात ते आमच्या लायनीतल्या माणसाला विचारा, स्टेजला खोली नसते, विंगा नसतात, मागे जायला वाट नसते. शिवाय २००४ मध्ये बांधलेला कल्चरल पॅलेस आहे, जपान सरकारच्या पैशातून झालेला, टेकडीवर. त्याच टेकडीवर कवी महमूद दरवीश यांना २००८ मध्ये दफन केलं. म्हणजे मोठ्या शोला जाणारा माणूस कवीच्या कबरीजवळून जातो. आपल्याकडे असं कुठे आहे का, मला तरी सुचलं नाही.

आणि फेस्टिव्हल एप्रिलमध्येच का, तर त्यालाही साधं व्यवहारी कारण आहे. बैरूत, अम्मान, दमास्कस आणि रामल्ला इथल्या नाचवाल्यांनी मिळून मसाहात नावाचं एक नेटवर्क केलं होतं, मसाहात म्हणजे जागा, मोकळ्या जागा. कल्पना अशी की युरोपातून एखादी कंपनी येणारच असेल तर एका फेरीत तिने बैरूतलाही शो करावा, अम्मानलाही आणि रामल्लालाही, म्हणजे विमानाचा खर्च वाटला जातो, म्हणून सगळ्यांचे फेस्टिव्हल एकाच सुमारास. आमच्या नाटकवाल्यांचा दौरा असाच लागतो, सोलापूर करायचंच आहे तर लातूर पण लावा. फक्त इथे गंमत अशी की बैरूत ते रामल्ला सरळ रेषेत जेमतेम सव्वादोनशे किलोमीटर, आणि बैरूतच्या स्वतःच्या नर्तकाला त्या वाटेने एक पाऊलही टाकता येत नाही, लेबनॉन-इस्रायल सीमा बंद. युरोपातला येतो, शेजारचा येत नाही. नेटवर्क शेजाऱ्यांनी केलं आणि त्यातून फिरायचे लांबचे पाहुणे. तरी त्यांनी ते केलं, मला वाटतं ही गोष्ट हेडिंगातल्या बंदुकीपेक्षा जास्त सांगण्यासारखी होती.

आता माळवद.

मी मूळचा तुळजापूर तालुक्यातला. आमचं घर माळवदाचं होतं, तुम्ही मंडळी पश्चिम महाराष्ट्रातली असाल तर कौलं नाहीतर पत्रा बघितला असेल. माळवद म्हणजे लाकडाचे सर, वर किलचा (बारीक लाकडं), त्यावर पाला नाहीतर चिपाडं, आणि त्यावर वीतभर पांढरी माती. मधे उजेडाला एक साणं. दरवर्षी मे महिन्यात, वळवाच्या आधी, वरची माती खचली-भेगाळली असेल तिथे नवीन पांढरी आणून टाकायची, पाणी मारायचं आणि धुम्मसाने (माती ठोकायचं जड अवजार), नाहीतर पायाने, चोपून चोपून घट्ट करायची. हे एका घरच्या माणसांचं काम नाही, गल्लीतली माणसं सावडीनं यायची, आज आमचं माळवद, उद्या त्यांचं. मी सात-आठ वर्षांचा असेन, आम्हा पोरांना वर चढवायचे आणि सांगायचे नाचा. खरंच नाचा म्हणायचे. खांद्याला खांदा लावून एका ओळीत, या कडेपासून त्या कडेपर्यंत, कारण एकेकटं नाचलं की मातीला खड्डे पडतात, ओळीनं नाचलं की सारखी बसते. आजी खाली साण्यातून बघायची आणि माती पडली डोळ्यात की शिव्या घालायची.

हे मी चाळीस वर्षं विसरलो होतो. लॉकडाऊनमध्ये काम ठप्प, दिवसभर मोबाईल, एका कोरिओग्राफर मुलीने, जिच्यासाठी मी दोन-तीन शो केलेत, तिने एक लिंक पाठवली, काका हे बघा पायांचं काम बघा. पॅलेस्टाईनमधल्या कुठल्यातरी लग्नातली, फोनवर काढलेली क्लिप. पुरुषांची ओळ, हातात हात, खांदे चिकटलेले, आणि पाय धाडकन जमिनीवर. त्याला दबका म्हणतात (आपण दब्के पण लिहितो, मी दबका लिहितो). मग मी वाचायला लागलो तर तिथे सांगतात की हा नाच आला कुठून, तर गावातल्या घरांची छपरं लाकूड, फांद्या, गवत आणि मातीची असायची, पावसाआधी ती माती दाबून घट्ट करायला शेजारीपाजारी जमायचे, एका ओळीत उभे राहायचे आणि पाय आपटायचे. त्या शेजारधर्माला तिथे अल-औना म्हणतात, आणि दबक्याबरोबर जे सगळ्यात ठरलेलं गाणं म्हणतात ते दलऔना, त्या शब्दातही हाच औना आहे असं सांगणारे आहेत. आता ही व्युत्पत्ती पंडितांच्या कसोटीला उतरेल न उतरेल, मला त्याचं काही नाही. मी मोबाईल बाजूला ठेवला आणि बायकोला म्हटलं अगं ही तर सावड आहे. तिला वाटलं मी कोणाच्या तरी राख सावडण्याबद्दल बोलतोय, तेव्हा कोविडचे दिवस होते.

क्लिप मग वीस वेळा तरी बघितली असेल. लाइटवाल्याला मोजायची सवय असते, क्यू मोजून द्यावा लागतो, तर मी आपला एक-दोन-तीन-चार मोजतोय आणि पाय काही केल्या माझ्या मोजणीत बसेनात. तिसऱ्यांदा कळलं, गाणं चारात चाललंय आणि पाय सहात. डावा उजव्यापुढून, परत डावा पुढून, मग एक लाथ आणि एक ठोका. त्यामुळे ठोका दरवेळी गाण्याच्या वेगळ्याच जागी पडतो आणि बारा मोजले की दोघं परत एकत्र. आपल्याकडचे तबलजी याला काय म्हणतील मला माहितीये, पण हे लग्नातले काके-मामे आहेत, त्यांना कोणी तिहाई शिकवली नाही. ओळीच्या टोकाला जो असतो तो लव्वीह, म्हातारा का असेना, हातातली मण्यांची माळ नाहीतर रुमाल फिरवत असतो, तो मधेच ओळ सोडून पुढे येतो, उडी मारतो, गुडघ्यावर बसतो, पण ओळ त्याच्यासाठी थांबत नाही, आणि तो परत येऊन नेमका पाय मिळवतो. बरोबर मिजवीझ नावाचं दोन नळ्यांचं वाद्य, वाजवणारा गालात हवा भरून ठेवतो आणि श्वास घेताना पण सूर तुटू देत नाही. पालघरकडे तारप्यावर नाचताना बघितलंय मी, तिथेही अशीच लांब साखळी असते आणि अशीच न तुटणारी फुंक. संबंध काही नाही दोघांचा, उगाच आठवलं म्हणून लिहिलं.

एवढं सगळं सांगायचं कारण, रामल्लाचा कंटेम्पररी डान्स हा आकाशातून पडलेला नाही. १९४८ मध्ये सात लाखांहून जास्त माणसं घरं सोडून निघाली, पळाली, हाकलली गेली, त्यातली कितीतरी रामल्लाच्या आसपासच्या छावण्यांत आली, अल-अमारी आहे, जलझून आहे, कलंदिया आहे. प्रत्येक गावचा दबका थोडा वेगळा असतो, छावणीत ते सगळे एकमेकांशेजारी आले. छप्पर गेलं, छप्पर दाबायचा नाच उरला. मग १९७९ मध्ये रामल्लाला लागूनच असलेल्या अल-बिरेहमध्ये एल-फुनून नावाचा ग्रुप निघाला, त्यांनी गावागावातल्या म्हाताऱ्यांकडून स्टेप्स आणि गाणी गोळा केली आणि दबका स्टेजवर आणला, मुलं-मुली एकत्र, नुसता लोकनृत्याचा नमुना म्हणून न ठेवता त्यात गोष्ट घातली, रचना बदलली. त्या काळात इस्रायली सैन्य असल्या ग्रुपच्या मुलांना पकडून नेत असे. नंतर जी पिढी आली तिने बाहेर जाऊन बॅले, रिलीज टेक्निक, कॉन्टॅक्ट वगैरे पाश्चात्य नाचाचे प्रकार शिकले आणि परत येऊन प्रश्न टाकला की आता या पायांचं आम्ही काय करायचं. आणि २०२३ च्या डिसेंबरमध्ये युनेस्कोने पॅलेस्टाईनचा दबका अमूर्त वारशाच्या यादीत घातला, म्हणजे तिकडे गाझावर बॉम्ब पडत होते आणि इकडे यादीत नाव चढलं, ही दोन्ही कामं एकाच महिन्यात झाली.

दोन उदाहरणं देतो म्हणजे नुसतं हवेत वाटायला नको. २०१३ मध्ये बेल्जियमच्या ले बॅले सी द ला बी या कंपनीने, ब्रसेल्सच्या केव्हीएस थिएटरने आणि पॅलेस्टाईनच्या कत्तान फाउंडेशनने मिळून एक शो केला, नाव "बादके". दबके या शब्दाची अक्षरं उलटीपालटी केली की बादके. दहा पॅलेस्टिनी नर्तक, कोणी दबक्यातला, कोणी हिपहॉपवाला, कोणी सर्कसवाला. नावातच कळतं ना, की आपलाच नाच आहे पण अक्षरं विस्कटून परत लावून बघू. दुसरं, फराह सालेह म्हणून कोरिओग्राफर आहे, आता स्कॉटलंडमध्ये असते. पहिल्या इंतिफादाच्या वेळी इस्रायली लष्कराने वेस्ट बँकमधल्या (रामल्ला ज्यात येतं तो भाग) शाळा आणि युनिव्हर्सिट्या बंद केल्या होत्या, बिरझैत युनिव्हर्सिटी तर १९८८ पासून १९९२ पर्यंत सलग बंद, तेव्हा लोक घराघरात, चोरून वर्ग घ्यायचे. हिने त्या चोरट्या वर्गांवर काम केलं. तिचा भर असतो तो हावभावांवर, साध्या हालचालींवर, म्हणजे वही कशी लपवली, दाराकडे मान कशी वळली, हे असलं फोटोत राहत नाही ते शरीरात शोधायचं. मला हे फार आवडलं. आमच्या आईने आणीबाणीत असंच काहीबाही लपवलं होतं असं सांगायची, पण हात करून दाखवायची तेव्हाच खरं वाटायचं.

आता पहिल्या पत्रलेखकाचा मुद्दा, की माणसं मरतायत आणि हे नाचतायत. साहेब हा प्रश्न तुम्ही-आम्ही पुण्यात बसून काढलेला नाही, तिथल्या लोकांना तो कितीतरी आधीपासून माहितीये. पहिल्या इंतिफादात, १९८७ नंतर, लग्नंसुद्धा मुकी लागायची, बँड नाही, नाच नाही, गल्लीत कोणाचा तरी मुलगा गेलेला असतो. आणि त्याच काळात एल-फुनूनसारखे ग्रुप तालमी करत होते. म्हणजे एकाच गावात दोन्ही मतांची माणसं, बहुतेक एकाच घरात. आपल्याकडे घरात सुतक असलं तर आपण हळदीला जात नाही पण ऑफिसला जातो की नाही? ज्याचा नाच हाच धंदा आहे त्याने काय करायचं, हा प्रश्न मी त्यांना विचारणार नाही, मला कोणी विचारला होता २०२० मध्ये, की थिएटरं बंद आहेत तर भाजी का विकत नाही, तेव्हा काय वाटलं ते मला माहितीये. अर्थात माझी आणि त्यांची बरोबरी नाही हो, मी घरात सुरक्षित बसलो होतो.

गाझाचं म्हणाल तर तिथला हिशोबच वेगळा. गाझा ते रामल्ला अंतर नव्वद किलोमीटर पण भरत नाही, आपलं पुणे-सातारा जास्त आहे, आणि गाझाच्या नर्तकाला रामल्लाच्या स्टेजवर यायला इस्रायलचं परमिट, ते मिळण्याची शक्यता आधीपासूनच जवळजवळ नसल्यासारखी. नुसैरात छावणीत २००४ पासून कॅम्प्स ब्रेकर्झ नावाचा ब्रेकडान्सचा ग्रुप आहे, पोरांना शिकवतात, युद्धाच्या धक्क्यातून आलेल्या लहान मुलांसाठी नाचाचे वर्ग घेतात. सईद अल-मिशाल म्हणून पाच मजली कल्चरल सेंटर होतं, तिथे दबक्याच्या तालमी चालायच्या, नाटकं व्हायची, ते ९ ऑगस्ट २०१८ ला इस्रायली हवाई हल्ल्यात जमीनदोस्त झालं. इस्रायलचं म्हणणं हमास ती इमारत वापरत होती, तिथे तालीम करणारे म्हणाले आम्ही वापरत होतो. राहिलं होतं रशाद शव्वा सेंटर, १९८८ मधलं, मोठं थिएटर होतं त्यात, ते २०२३ च्या नोव्हेंबरात गेलं. लाइट टांगायला पाइपच नाही राहिला म्हणजे माझ्यासारख्या माणसाने काय करायचं, असा विचार मी केला आणि पुढे काही सुचलं नाही.

दुसऱ्या पत्रलेखकाने लिहिलं होतं कलेपुढे बंदूक हरली. कुठे हरली? रामल्ला ते जेरुसलेम पंधरा किलोमीटर, मधे कलंदियाचा चेकपोस्ट, भिंत, पिंजऱ्यासारख्या जाळ्यातून रांग. जेरुसलेममध्ये राहणाऱ्या पॅलेस्टिनी माणसाकडे निळं कार्ड असतं, वेस्ट बँकवाल्याकडे हिरवं. निळा रामल्लाला येऊ शकतो, हिरवा परमिटशिवाय जेरुसलेमला जाऊ शकत नाही. इस्रायलमधल्या हैफा शहराचा पॅलेस्टिनी हा इस्रायलचा नागरिक, त्याच्यासाठी रामल्लाच्या वाटेवर लाल बोर्ड लावलाय की इस्रायली नागरिकांना इथे प्रवेश कायद्याने मना, तो तरी येतो, पण बोर्ड आहे. रामल्लाच्या कंपनीला परदेशात शो करायचा तर पन्नासेक किलोमीटरवरचा तेल अवीवचा विमानतळ त्यांना बंद, त्यांनी जॉर्डनच्या पुलावर जायचं, तिथे आधी पॅलेस्टिनी, मग इस्रायली, मग जॉर्डनी अशा तीन ठिकाणी तपासणी, बसमधून सामान उतरवा, चढवा, आणि मग अम्मानहून विमान. आणि परदेशातून येणारा कलाकार, तो रामल्लात पाहुणा म्हणून येत असला तरी त्याला आत सोडायचं की नाही हे इस्रायली अधिकारी ठरवतो, तेल अवीवला उतरा नाहीतर पुलावरून या. आम्ही नागपूरला शो असला की टेम्पो रात्री निघाला का एवढीच काळजी करतो. इथे शोच्या दिवशी दुपारपर्यंत डान्सर येणार की नाही हेच माहीत नाही अशी अवस्था, मग लाइटचा प्लॉट (कुठला दिवा कुठे, ही आखणी) कसा लावायचा, पाच जणांचा लावला आणि तीनच आले तर? एखादं सोलो असेल तर सोपं. हातात हात धरून ओळ करायची असते त्या नाचाला हे किती अवघड आहे बघा, एक माणूस अडकला की ओळ तुटते.

आणि सगळा दोष बाहेरचाच असंही लिहू नका कृपा करून, नाहीतर परत तीच गोड बातमी होईल. २००५ मध्ये कल्किल्या गावात हमासची नगरपालिका होती, तिने पॅलेस्टाईन इंटरनॅशनल फेस्टिव्हलचा कार्यक्रम आपल्या गावात होऊ दिला नाही, कारण काय तर स्त्री-पुरुष एकत्र नाच. तिथल्या लेखक-कलाकारांनी त्यावर जोरात आवाज उठवला होता. म्हणजे रामल्लात स्टेजवर उभी राहणारी मुलगी एका बाजूला सैन्य आणि दुसऱ्या बाजूला स्वतःचे काका, दोघांनाही उत्तर देत असते. आपल्याकडच्या कुठल्याही नाचणाऱ्या मुलीला यातलं निम्मं तरी समजावून सांगायची गरज नाही.

एक अवघड गोष्ट पण लिहितो, छापायची की नाही तुम्ही ठरवा. कंटेम्पररी डान्समध्ये इस्रायल हा जगातला मोठा देश आहे, तेल अवीवची बातशेवा कंपनी १९६४ पासूनची, माझ्या ओळखीच्या मुंबई-पुण्यातल्या कितीतरी डान्सर पोरापोरींनी त्यांचं गागा टेक्निक वर्कशॉपात शिकलंय, मी स्वतः एका गागाच्या क्लासला हॉलचे दिवे लावून दिलेत, छान प्रकार आहे. पॅलेस्टिनी प्राध्यापक-विचारवंतांनी २००४ पासून इस्रायली संस्थांवर सांस्कृतिक बहिष्काराची मोहीम चालवली आहे, आपल्याकडचे काही ती मानतात, काही मानत नाहीत. त्यात तिकडे लोद, दिमोना, अश्दोदला आपले बेने इस्रायली ज्यू लोक राहतात, कोकणातून गेलेले, घरात अजून मराठी बोलणारे, त्यांचं मायबोली नावाचं मराठी मासिकसुद्धा निघायचं. लोदमध्ये तर पॅलेस्टिनी आणि ज्यू दोन्ही राहतात. म्हणजे मराठी बोलणारा माणूस आणि दबका नाचणारा माणूस एकाच गावात, कदाचित एकाच गल्लीत. यावर मी काही मत देत नाही, कारण मला एक मत नाहीये, रोज बदलतं. पण आपल्या पेपरच्या बातमीदाराला हा धागा मिळाला तर तो चार ओळींत मावणार नाही एवढं नक्की.

मागणी छोटी आहे. पुढच्या वेळी असली बातमी आली तर ती आतल्या पानावरच्या जगभरातल्या गमतीजमतीत न टाकता जिथे नाटक-संगीताचं छापता तिथे छापा. कोरिओग्राफरचं नाव लिहा, थिएटरचं लिहा, शो किती मिनिटांचा, संगीत लाइव्ह होतं की ट्रॅकवर. मिळालंच तर लाइट कोणाचं होतं तेही. आणि शो वाईट झाला असेल तर वाईट झाला म्हणा, बिनधास्त म्हणा, त्यांना तेवढा तरी मान द्या.

आपला,
एक जुना वाचक
(प्रकाशयोजना व लाइट भाड्याने), पुणे

ता.क. दबका या शब्दावरून घरात हसाहशी झाली. आमच्याकडे दबकत येणं म्हणजे मांजरासारखं, पायाचा आवाज न करता येणं. अरबीत हाच शब्द पाय आपटून आवाज करण्याचा. नातवाला तेवढंच आवडलं, आता तो दबकत दबकत येतो आणि शेवटी धाडकन पाय आपटतो. खालच्या मजल्यावरच्या वहिनी दोनदा वर येऊन गेल्या.